बारमाही वापरासाठी जुनी मासेराती: ग्रानतुरिस्मो की गिब्ली?

प्रश्न: शिकागोत हिवाळ्यातही रोज चालवता येईल अशी जुनी मासेराती (इटालियन मोटारगाडी) घ्यावयाची आहे. ग्रानतुरिस्मोच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या आवाजाने मोह पडला आहे, परंतु बर्फाची धास्ती वाटते.

उत्तर १: व्ही-८ ग्रानतुरिस्मोची ताकद केवळ मागच्या चाकांना मिळते, तर गिब्लीच्या एस क्यू४ या चारचाकी-चालन आवृत्तीमध्ये मागची चाके घसरू लागताच ताकदीचा काही भाग पुढच्या चाकांकडे वळतो, तरीही ७ अंश सेल्सियसखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होत असल्याने हिवाळी टायरांचा दुसरा संच दोन्ही गाड्यांना अनिवार्य समजावा.

उत्तर २: मला बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने येणाऱ्या गंजाची काळजी अधिक वाटते. गाडी लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या व तळ तपासावा. देखभालीच्या नोंदी नसतील तर स्वस्त गाडीही टाळावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गिब्लीच पाहतो, आवाजाची हळहळ मात्र राहील.