आपोआप उगवणारी हंगामी फुलझाडे : कोल्हापूरकरांचे अनुभव

मृगाचा पाऊस पडून गेला की आपल्याकडच्या अनेक परसांत न पेरलेली रोपे उगवू लागतात. तेरडा, झिनिया, कोंबडा, कॉसमॉस, गणेशवेल अशी हंगाम संपताच वाळून जाणारी फुलझाडे स्वतःच्या बियांवर आपल्या बागेत कशी टिकली आणि त्यांना कुठे आवर घालावा लागला, हे येथे लिहावे. नदीकाठची काळी जमीन आणि पन्हाळ्याकडची तांबडी माती यांची वागणूक वेगळी असते, म्हणून मातीचाही उल्लेख करावा.

फुलेवाडी

आमच्या घरी तेरड्याच्या गौरी आणण्याची रीत असल्याने तेरडा परसातच असावा, अशी सासूबाईंची इच्छा होती. गौरींसाठी रोपे उपटताना मी काही जोमदार झाडे मुद्दाम राखते, कारण पुढच्या वर्षीचे सारे बी त्यांच्यावरच धरते. त्यांची लवदार, फिकट हिरवी बोंडे टम्म फुगली की नुसत्या बोटाच्या स्पर्शाने फुटतात. सालीचे पाच तुकडे झटकन आत वळतात आणि तपकिरी बी दूरवर उडते. ठरावीक रंगाचे बी हवे असल्यास बोंड फुगण्याआधीच त्यावर मलमलीची लहानशी पुरचुंडी बांधावी लागते. जूनमध्ये खुरपणी करणाऱ्या मावशींना मी रोपाचे रसरशीत, जवळजवळ पारदर्शक देठ आधी दाखवून ठेवते. ही ओळख नसेल तर पहिल्याच खुरपणीत सगळा तेरडा तणाबरोबर जातो. दाट उगवलेली रोपे वीतभर अंतराने विरळ केली, तर फुले भरघोस येतात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण ते एका फुलापुरते. झाड कित्येक आठवडे फुलत राहते.

कसबा बावडा

2019 च्या महापुरात आमच्या बागेत पंचगंगेचे पाणी शिरले आणि ओसरताना वाफ्यांवर गाळाचा जाड थर ठेवून गेले. पुढच्या पावसाळ्यात कोंबड्याचे एकही रोप दिसले नाही. खसखशीहून किंचित मोठे, काळे चकचकीत असे ते बी मातीच्या अगदी वरच्या थरातच रुजते आणि खोल गाडले गेल्यास त्याच्या कोंबाला वर येण्याचे बळ राहत नाही. गुलबक्षीचे मिऱ्याएवढे बी मात्र तोच गाळ फोडून वर आले. (गुलबक्षी गड्ड्यावर अनेक वर्षे जगते, तरी बियांपासूनही ती सहज पसरते, म्हणून येथे लिहिले.) कोंबड्याचे बी नंतर बहिणीकडून आणले आणि मातीत न मिसळता नुसते वर भुरभुरले.

राजारामपुरी

बाग गच्चीवर, कुंड्यांत. कोंबड्याची रोपे शेजारच्या कुंड्यांतही उगवतात. ती चार पानांची झाल्यावर संध्याकाळी हलवल्यास बहुतेक जगतात.

कळंबा

आम्ही ओल टिकवण्यासाठी वाफ्यांवर उसाचे पाचट अंथरतो. जाड पाचटाखाली तण उगवत नाही, तसा झिनियाही उगवत नाही, म्हणून वळवाच्या पावसानंतर झिनियाच्या जागेवरचे पाचट बाजूला सारतो आणि रोपे बोटभर उंच झाली की त्यांच्या बुंध्याशी पुन्हा पसरतो. भुरीने पांढरी पडलेली झाडे बियांसाठी न ठेवता लवकर काढून टाकतो. संकरित झेंडूच्या बियांपासून आईसारखीच भरदार फुले येतील, अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये; आमच्याकडे पुढच्या पिढीत बरीचशी एकेरी आणि लहान निघाली.

पन्हाळ्याच्या पायथ्याचे गाव

नारिंगी कॉसमॉसविषयी कळकळीने लिहीत आहे. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात ते बागांतून निसटून रस्त्यांच्या कडेला आणि डोंगरउतारांवर पसरले आहे आणि तिथल्या रानफुलांची जागा घेत आहे. त्याच्या लांबट बियांच्या टोकाशी काटेरी कुसळे असतात. ती कपड्यांना आणि गुरांच्या अंगाला चिकटून दूर जातात. तांबड्या मातीत तर त्याला खतही लागत नाही. कुंपणाच्या आत ठेवायचे असल्यास फुले सुकताच खुडावीत आणि उपटलेली झाडे माळावर टाकू नयेत. त्याऐवजी आमच्या भागातला रानतेरडा परसात वाढवला, तर फुलपाखरेही येतात.

रुईकर कॉलनी

गणेशवेलीचे रोप ओळखणे सोपे आहे. त्याची पहिली दोन पाने प्रत्येकी मधोमध खोल चिरलेली, बेचक्यासारखी दिसतात आणि त्यानंतरची पाने शेपूच्या पाल्यासारखी बारीक येतात. बेचके दिसताच शेजारी काठी रोवावी, नाहीतर वेल जवळच्या गुलाबावर चढते.