मदत हवी आहे: खेळ आवरायची वेळ झाली की रडारड

नमस्कार. मी बालवर्ग घेते. साडेतीन-चार वर्षांची १८ मुलं, मी आणि एक मदतनीस ताई. सकाळ छान जाते, घोळ होतो तो खेळातून उठून गोष्टीला बसताना.

आधी घंटा वाजवायचे. ती ऐकली की दोघं-तिघं थेट टेबलाखाली! मग प्रत्येकाजवळ बसून हळूच सांगायला लागले, "अजून दोन ठोकळे लाव, मग आवरू." ('पाच मिनिटं' म्हणजे किती हे त्यांना कळतच नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.) दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावलाय, झालेलं चित्र मुलंच उलटं करतात. बऱ्याच जणांचं यावर भागलं.

एकाचं मात्र नाही. तो ठोकळ्यांची लांबच लांब आगगाडी करतो आणि मोडायची म्हटलं की जमिनीवर अंग टाकून देतो. परवा ती तशीच राहू दिली, वर त्याच्या नावाची चिठ्ठी ठेवली. गडी चक्क उठून आला! पण दुसऱ्या दिवशी सात जणांना चिठ्ठ्या हव्या होत्या आणि खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्याला ओढून आणणं मला पटत नाही. त्याने मागे बसून हाताने काहीतरी करत गोष्ट ऐकली तर चालेल ना? बाकीची "मग आम्ही का नाही?" म्हणाली तर काय सांगता? अर्धवट राहिलेले खेळ लहान खोलीत कुठे ठेवता? आणि हो, ताई जरा कडक शिस्तीच्या आहेत, त्यांना न दुखावता हे कसं जमवू?