जिऑन मी-दो टीव्हीवर आली हे बरं झालं की वाईट?

रात्रपाळी_रमा
हॉस्पिटल प्लेलिस्ट ही कोरियन सिरियल परत लावलीय (कितव्यांदा ते विचारू नका) आणि या वेळी डोक्यात एकच किडा वळवळतोय. त्यातली न्यूरोसर्जन चे सोंग-ह्वा करणारी जिऑन मी-दो ही मूळची स्टेजवाली. 2006 पासून म्युझिकल, म्हणजे तिकडची संगीत नाटकं, करतेय, कोरिया म्युझिकल अवॉर्ड्सची बेस्ट अ‍ॅक्ट्रेस दोनदा झालीय, आणि टीव्हीने तिला पहिला मोठा रोल काय दिला तर बेसूर गाणारी डॉक्टर! जोक भारी आहे, हसले मी पण. पण नंतर काय? थर्टी-नाइन या सिरियलमध्ये कॅन्सर झालेली मैत्रीण. म्हणजे परत तेच, समंजस, हळवी, सगळ्यांना हवीहवीशी. हीच बाई स्वीनी टॉड या म्युझिकलमध्ये माणसाचं मांस भरलेले मीट-पाय विकणारी मिसेस लव्हेट करते हो! पुरणपोळीत हातखंडा असलेल्या बाईला रोज खिचडी टाकायला लावायची तसं चाललंय. टीव्हीने तिला फुकट घालवलं असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

बिंजवाला_बंड्या
फुकट काय घालवलं, काहीही हं रमाताई. त्याच सिरियलसाठी तिने एक जुनं गाणं परत गायलं ते कोरियात चार्टवर एक नंबरला गेलं. 2020 च्या आधी स्टेजवाल्यांच्या बाहेर तिला ओळखत होतं कोण? आणि तो रोलही असा आभाळातून पडला नाही, डिरेक्टर शिन वॉन-हो सोंग-ह्वा शोधत होता तेव्हा त्याच सिरियलीतले जो जंग-सुक आणि यू यॉन-सॉक दोघांनीही हिचंच नाव सुचवलं होतं. ते दोघं पण स्टेजवर कामं केलेले, दोघांनी हेडविग हे म्युझिकल केलंय. म्हणजे स्टेजवाल्यांनीच स्टेजवालीला आत घेतलं, यात अन्याय कुठे झाला?

तिसरी_घंटा
बंडोपंत, ओळख मिळणं आणि काम मिळणं यात फरक आहे की नाही? 2016 च्या डिसेंबरमध्ये सोलच्या देहाक-रो भागातल्या एका छोट्या थिएटरात मेबी हॅपी एंडिंग हे म्युझिकल सुरू झालं. ऑलिव्हर आणि क्लेअर हे दोन टाकून दिलेले हेल्परबॉट, म्हणजे घरकामाचे रोबो, शेजारी शेजारी राहतात, एकाची बॅटरी डाऊन होत चाललीय आणि काजवे बघायला जेजू बेटावर निघतात, एवढीच गोष्ट. त्यातली क्लेअर पहिल्या संचात हिने केली. तोच प्रयोग पुढे ब्रॉडवेला गेला आणि 2025 ला बेस्ट म्युझिकलसकट सहा टोनी, म्हणजे तिथले नाटकांचे मोठे पुरस्कार, घेऊन आला. अर्थात तिथले नट वेगळे, पण कोऱ्या कागदावरून तो रोल पहिल्यांदा उभा करणाऱ्यांत ही होती. असलं काम टीव्हीवर दाखवा मला एक तरी.

आणि गंमत माहितेय का, हॉस्पिटल प्लेलिस्टमधला तो गरीब बिचारा डॉक्टर दो जे-हाक, घराच्या डिपॉझिटमध्ये फसवला जातो तो, तो जंग मून-सुंग. त्या पहिल्या संचात ऑलिव्हर करणाऱ्यांपैकी एक. स्टेजवर हिच्यासमोर हिरो आणि सिरियलीत सोंग-ह्वाच्या मित्राची, डॉक्टर किम जून-वानची बोलणी खाणारा ज्युनियर.

बिंजवाला_बंड्या
अहो पण तिने स्टेज सोडलंय कधी? पहिला सीझन मे 2020 ला संपला आणि त्याच उन्हाळ्यात ही परत देहाक-रोला क्लेअर करत होती, करोना चालू असताना. मग 2022-23 ला स्वीनी टॉड. मग 2025 ला मेबी हॅपी एंडिंगच्या दहा वर्षांच्या खास प्रयोगात परत क्लेअर. आपल्याकडे डेली सोपमध्ये अडकलेला नट शनिवार-रविवारी नाटकाच्या तारखा जुळवता जुळवता रडकुंडीला येतो. तिकडे हॉस्पिटल प्लेलिस्टचा सीझन बारा भागांचा, आठवड्याला एक भाग, संपला की माणूस मोकळा.

रात्रपाळी_रमा
परत गेली हो, पण कोणासाठी? तिकडे एका रोलला दोन-तीन नट असतात आणि आज कोण आहे ते बघून लोक तिकीट काढतात, एकच नाटक वेगवेगळ्या जोड्यांसाठी पुन्हा पुन्हा बघणारा वर्ग आहे. टीव्हीवर गाजल्यावर तिच्या तारखा पहिल्या संपणार हे उघडच आहे. जे लोक वर्षानुवर्षं तिच्यासाठी जात होते ते बसले कॉम्प्युटरपुढे रिफ्रेश मारत.

तिसरी_घंटा
रमा, इथे मी तुझ्या बाजूने नाही. एका रोलला तिघं हे मला आवडतं. आपल्याकडे मुख्य नटाचा घसा बसला की प्रयोग रद्द आणि बुकिंगच्या खिडकीवर भांडणं. आणि टीव्ही-सिनेमावाल्यांमुळे तिकीट खपणं हिच्यापासून सुरू झालेलं नाही, 2010 ला मोझार्ट या म्युझिकलमध्ये आयडॉल ग्रुपचा, म्हणजे पॉप बँडचा गायक जुनसू उभा राहिला तेव्हाच तिकिटांवर उड्या पडल्या होत्या. निदान ही आतली आहे.

सुवॉनकर
सगळे नेटफ्लिक्सवरून भांडताय म्हणून लिहितो, मी नोकरीमुळे इकडेच असतो आणि 2022-23 च्या त्या हिवाळ्यात सोलमधल्या जामशिलच्या शार्लट थिएटरला स्वीनी टॉड बघितलं. लॉबीत त्या दिवशीच्या कास्टचे फोटो लावलेला बोर्ड असतो, त्याच्यासमोर फोटो काढायला ही लाईन. दुर्बीण भाड्याने मिळते. आणि आत एवढी शांतता की खोकला आला तरी अपराधी वाटतं, पुढे झुकून बसायचं नाही कारण मागच्याला दिसत नाही, तशी सूचनाच असते.

माझं कोरियन बेताचंच. पण ती लव्हेट दुकानात पीठ मळता मळता किडे मारते, गिऱ्हाईकाशी गोड बोलते आणि मध्येच नजरेने हिशोब करते की हा माणूस किती किलो भरेल, तिथे भाषा लागत नाही. सोंग-ह्वाचा मागमूस नव्हता. इंटरव्हलला शेजारच्या काकू म्हणाल्या की सिरियल बघूनच आलेय, पहिल्यांदाच म्युझिकल बघतेय. आता यात स्टेजचं काय नुकसान झालं ते सांगा. नुकसान खिशाचं, चांगली सीट तेव्हा दीड लाख वॉनच्या आसपास होती, म्हणजे नऊ-दहा हजार रुपये. तो राग टीव्हीवर कशाला काढता.

रात्रपाळी_रमा
सुवॉनकर, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत!! किती किलो भरेल ही नजर टीव्हीवर एकदा तरी दिसलीय का?

बिंजवाला_बंड्या
कनेक्शन ही सिरियल बघा, 2024 ची. भांडकुदळ, तोंडाळ पत्रकार केलीय, कुठेही हळवीबिळवी नाही.

रात्रपाळी_रमा
बघितली. हिरो जी सुंगला जबरदस्तीने ड्रग्ज देऊन व्यसनी केलेला पोलीस मिळाला, हिला त्याच्याबरोबर पळायला मिळालं. चांगली केलीय, नाही म्हणत नाही. पण लव्हेटच्या तोडीचा रोल तो नव्हे. सरळ व्हिलन द्या तिला सोळा भागांची, शेवटपर्यंत न सुधारणारी, मग मी गप्प बसते.

तिसरी_घंटा
तू आणि गप्प? बरं.