मदत हवी आहे : पावसाळ्यात रोटाकॅप (दम्याचं औषध श्वासातून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल) कोरड्या कशा ठेवता?

दापोली-गुहागर पट्ट्यातल्या दम्याच्या रुग्णांसाठी विचारतोय. आषाढ-श्रावणात इथल्या दमट हवेत कॅप्सूलमधली पावडर ओल धरते, गुठळ्या होतात. बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचायला कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतात. गुठळी घशातच अडकते. मग "औषध लागू पडत नाही" म्हणून लोक ते सोडून देतात आणि नलिकांची सूज आतल्या आत वाढत राहते. याचीच काळजी वाटते.

फ्रिज नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. कॅप्सूल ऐनवेळी काढायची, पावडर ओढायच्या यंत्रात फुंकायचं नाही, हे सांगतोच. गच्च झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कुणी ठेवतं का? त्या किती दिवसांनी बदलता?

दुसरं, स्पेसर (दम्याच्या पंपाला जोडायची पोकळ नळी) साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन न पुसता वाळवायचा असतो. फडक्याने घासला तर स्थिर विद्युत निर्माण होऊन औषध आतल्या बाजूला चिकटतं. पण आठवडाभर ऊन नसताना वाळवता कुठे? चुलीजवळ धूर, भिंतीला बुरशी. ज्यांच्या घरी ही अडचण सुटली आहे त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा.