सुट्टीत बारकी लेकरं घेऊन थीम पार्कला जाणारे आईबाप खुळे असतात का?

मांजराकाठ
परवा इथं एका ताईंनी लिहिलं, की पाच वर्षांखालची लेकरं घेऊन दिवाळीच्या सुट्टीत थीम पार्कला जाणाऱ्यांना लेकरांचं काही पडलेलं नसतं, त्यांना फोटो टाकायचे असतात. लेकराला पुढं काही आठवत नाही, मग रांगेत तापवायचं कशाला? वर सल्ला, 'त्यापेक्षा गावाकडं न्या, शेत दाखवा.' वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

ताई, तुमचं शेत म्हणजे हुरड्याला जाऊन बघायचं शेत. आमची लेकरं शेतातच राहतात. त्यांना सोयाबीनची रास दाखवली की सुट्टी झाली का? 'गर्दी नसताना जा' हे सांगायला पगारी रजा लागते. आमच्याकडं दुकान, शाळा, रास, लग्नसराई ह्यातून जे चार दिवस उरतात ते सगळ्यांचे एकदमच उरतात. म्हणून गर्दी होते. हौस म्हणून कुणी गर्दीत जात नाही.

आणि आठवणीचं म्हणाल, तर बारसं कुणाला आठवतं? जावळ आठवतं? तरी पंगती उठवतोच ना आपण. माझ्या धाकटीनं राईडकडं बघितलंसुद्धा नाही. तिथं अस्वलाचा वेष घातलेला एक माणूस होता, त्याचा पंजा धरला तो सोडेचना. शेवटी मुखवट्याच्या तोंडातून बारीक आवाज आला, 'बेटा, पानी पीने दे.' तरी सोडलं नाही. तिला हे आठवणार नाही, कबूल. मला आठवेल. आईबापाच्या आनंदावर बंदी आहे का?

बीडचा_बाप
मी ताईंच्या बाजूनं. शेताचं सोडा, तो मुद्दा त्यांचा चुकलाच. पण बाकी खरंय.

बऱ्याच पार्कात तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. गेटवर पट्टी रंगवलेली, तिच्यापेक्षा बुटकं लेकरू फुकट. माझं पोरगं चार वर्षांचं, पण अंगानं थोराड. पट्टीखाली उभं केलं तर केस टेकले. बायकोनं तेल लावून केस बसवले, तरी टेकले. भरलं लहान मुलाचं तिकीट. आत गेलो तर प्रत्येक चांगल्या राईडला दुसरी पट्टी, मोठ्या राईडला तर कुठं कुठं १४० सेंमी. म्हणजे तिकिटाला पोरगं लांब आणि राईडला आखूड! दिवसभर त्याला मिळाली ती बारकी आगगाडी, तिलाही तासाची रांग, कारण एकेका लेकराचा पट्टा तपासूनच सोडतात. तपासावंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे आधी कुणी सांगत नाही.

गोदाकाठची
दोन्ही बापांना नमस्कार. तुमच्या दोघांच्याही गोष्टीत आई कुठंय? एकीकडं नाहीच, दुसरीकडं तेल लावायला.

आमच्याकडं झालं ते सांगते. पाण्यात उतरायला नायलॉनचा ड्रेस लागतो, सुती चालत नाही. सासूबाई नऊवारीत, म्हणून त्या लॉकरच्या चाव्या सांभाळत बाकावर. हे आणि दीर रोलर कोस्टरच्या रांगेत. मी एक लेकरू काखेत, एक बोटाला, बाथरूमच्या रांगेत. घरून धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी नेली होती. ती गेटवरच काढून ठेवायला लावली. बाळाचं तेवढं नेऊ दिलं. आतली इडली बाळ खाईना, मग बाळाच्या डब्यातला भात सासूबाईंनी आणि मी वाटून खाल्ला. संध्याकाळी घरी फोन केला तर आई म्हणते, 'मज्जा केली का गं?' काय सांगू!

जर्मनी_परभणी
सगळे रडायलेत नुसते. आम्ही जरा जास्तीचे पैसे भरून फास्टवाला पास घेतला. रांग नाही, कटकट नाही, बारक्याला झोप यायच्या आत सगळं उरकलं. लेकरांची एवढी काळजी आहे तर खिशात हात घाला की.

बीडचा_बाप
म्हणजे आम्ही उन्हात उभे असताना आमच्या लेकरापुढून गेले ते तुम्हीच. बरं झालं भेटलात. पोरगं विचारायलं होतं, 'पप्पा, ते मधीच का घुसले?' काय सांगायचं त्याला? त्यांच्या पप्पाकडं जास्त पैसे आहेत म्हणून?

जर्मनी_परभणी
हो, तेच सांगायचं. रेल्वेत एसीचा डबा असतो तेव्हा नाही विचारत पोरगं?

बीडचा_बाप
एसीचा डबा माझ्या डब्याच्या आधी पोचत नाही, साहेब.

मांजराकाठ
वा! हे मात्र बरोबर बोललात. पण मग देवाच्या दारातल्या पासाचं काय? नवरात्रात लोक रात्रभर रांगेत, चप्पल हातात, आणि पासवाला येतो, टिळा लावतो, निघतो. तिथं आपण हात जोडून उभे राहतो आणि पार्कात मात्र समता आठवते.

जर्मनी_परभणी
पासाच्या पैशातून भक्तांच्याच सोयी होतात.

गोदाकाठची
सोयी? मी पोटुशी असताना धर्मदर्शनाच्या, म्हणजे बिनपैशाच्या रांगेत उभी होते. बाकडं नव्हतं. पासाच्या रांगेवर पंखा होता.

जर्मनी_परभणी
मग पास काढायचा होता, ताई.

गोदाकाठची
तुमच्या घरी कुणी पोटुशी असेल तेव्हा तिला हेच सांगा. जेवताना सांगा, म्हणजे ताटासकट उत्तर मिळेल.

बीडचा_बाप
😂 वाढलं ताट.

जर्मनी_परभणी
वैयक्तिक होऊ नका. नवसाला जाणारा आणि मजेला जाणारा ह्यात फरक आहे, एवढंच म्हणायचं होतं.

मांजराकाठ
हे तुम्ही आत्ता म्हणालात. आधी खिशात हात घाला म्हणाला होता. वर जाऊन वाचा.

कोरडवाहू
तुम्ही रांगांवर भांडत बसा, पाण्यावर कुणी बोलेना. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. आणि आपलीच माणसं वॉटर पार्कच्या लाटेत उड्या मारून फोटो टाकतात. लाज नाही वाटत?

मांजराकाठ
मी लातूरचाच. टँकरमागं घागरी घेऊन पळालोय, मला नका शिकवू. तिथलं पाणी गाळून, क्लोरीन टाकून पुन्हा पुन्हा फिरवतात. उन्हानं उडतं नि गाळण्या धुताना जातं तेवढं नवं लागतं. पाण्याचा हिशेबच मांडायचा तर उसाचा मांडा.

कोरडवाहू
ऊस हा वेगळा विषय आहे.

बीडचा_बाप
किती एकर आहे?

कोरडवाहू
दोन. पण ठिबकवर आहे.

देगलूर_नाका
जरा कामाचं बोलू का? आम्ही नांदेडकर सुट्टी म्हटली की हैदराबाद धरतो, त्यामुळं सांगतो. लोक दसऱ्याला तिकडं जातात आणि गर्दी म्हणून बोंबलतात. तेलंगणात बतुकम्मा (त्यांचा फुलांचा सण) आणि दसऱ्याची मोठी सुट्टी असते, सगळं हैदराबाद तेव्हा लेकरं घेऊन बाहेर पडतं. दिवाळीची त्यांना मोठी सुट्टी नसते. म्हणून आपल्या दिवाळीच्या सुट्टीत मधल्या वारी गेलं तर तिकडची गर्दी निम्मी टळते. भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार मात्र सोडा, तेव्हा आपलंच अख्खं गाव तिथं भेटतं. उन्हाळ्याचंही तसंच. त्यांच्या शाळा साधारण १२ जूनला उघडतात, आपल्या १५-१६ ला. मधले दोन-तीन दिवस बघा.

आणि बारकी लेकरं असतील तर झुल्या-पाळण्यांच्या नादी न लागता रामोजी फिल्म सिटी करा. १९९६ पासून आहे, पसारा एवढा की फिरायला बसमध्येच बसवतात. लेकरू मांडीवर झोपलं तरी दिवस वाया जात नाही.

बीडचा_बाप
हे पटलं. मूळ धाग्यावाल्यापेक्षा तुमचं ऐकायला हवं होतं.

मांजराकाठ
मूळ धागा माझाच आहे, आभारी आहे. बरं, एक मान्य करतो, तीन वर्षांखालचं लेकरू आणि पाण्याची राईड एका दिवसात करू नये. ताईंचं तेवढं बरोबर. फोटोचं अजूनही चूकच.

गोदाकाठची
तीन वर्षांखालचं लेकरू दिवसभर बापाकडं दिलं तर सगळं करता येतं. एकदा करून बघा आणि मग नवा धागा काढा.

बीडचा_बाप
देगलूर नाका, एक राहिलं. १२ ते १५ जून म्हणजे मृग. पेरणी कुणी करायची?

देगलूर_नाका
पाऊस पडला तर पेरा, नाही पडला तर जा.

बीडचा_बाप
नाही पडला तर तिकिटाला पैसे कुठून आणू?

जर्मनी_परभणी
एसीच्या डब्याचं उत्तर पटलेलं नाही मला. पासवाल्याच्या पैशावर पार्क चालतं म्हणून तुमचं तिकीट स्वस्त राहतं, ह्यावर कुणीच बोलायला तयार नाही.