पस्तिशीत गेम आर्टचं वेड लागलंय. खरं वेड की नोकरीचा कंटाळा?

गंजका_पत्रा:
माझं काम मोटार विम्याचे क्लेम तपासायचं. दिवसभर ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि कुठला ओरखडा परवाचा, कुठला जुनाच दाखवून पैसे मागताहेत, ते ठरवायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल. आहेच.

गेम खेळते ते डोकं मोकळं करायला. पण हल्ली मिशन राहतं बाजूला आणि मी गोदामात शिरून पिंपं बघत बसते. मागून कुणीतरी येऊन मारून जातं, आणि मी आपली दाराचा रंग नेमका कडीपाशीच का उडवलाय ते न्याहाळत असते.

त्यातून ब्लेंडर हे थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फुकट आहे म्हणून. शिकताना सगळे करतात तो डोनट केला, त्यात काही जीव रमला नाही. मग एक जुनाट लोखंडी टूलबॉक्स करायला घेतला आणि तिथे अडकले ती अडकलेच. ऑफिसात जे बघून डोळे शिणतात तेच घरी हौसेने बनवतेय, याचं माझं मलाच हसू येतं.

प्रश्न दोन. मला चित्रकला येत नाही. माणूस काढला तर खाली 'माणूस' असं लिहावं लागेल. तरी या क्षेत्रात पोटापाण्याचं काम मिळतं का? आणि दुसरा शीर्षकातलाच. टूलबॉक्सचं चित्र जोडलंय, हातचं न राखता बोला. फक्त 'छान' म्हणायचं असेल तर नाही लिहिलंत तरी चालेल.

बहुकोनी:
मी प्रॉप आर्टिस्ट आहे. खेळातल्या खुर्च्या, पेट्या, कंदील, मोडक्या बादल्या करणं हाच धंदा.

डबा दोनदा झूम करून बघितला. कोपऱ्यांवरचा रंग सगळीकडे सारखा उडालेला नाही, हे पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. नवीन माणूस सबस्टन्स पेंटर या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमधला तयार मास्क (रंग कुठे उडेल ते ठरवणारा साचा) लावतो आणि प्रत्येक कड एकसारखी खरवडून निघते, जणू डबा चहूबाजूंनी कानशीने घासलाय. तुमच्याकडे कडी आणि पुढची कड झिजलीय, मागची बाजू जवळजवळ शाबूत. म्हणजे तो कुठेतरी भिंतीला टेकून असायचा. ज्युनिअर मंडळींना ही नजर यावी म्हणून आम्ही त्यांच्या मागे लागून थकतो.

आता चूक. तुमचा गंज चमकतोय. मेटॅलिक मॅप, म्हणजे कुठला भाग धातू (पांढरा) आणि कुठला नाही (काळा) ते सांगणारं चित्र, उघडा; अख्खा डबा पांढरा असणार. लोखंडाचा डबा म्हणून सगळं धातू, असा हिशेब पीबीआरमध्ये, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या नियमांनी वस्तू दाखवायच्या पद्धतीत, चालत नाही. प्रकाश पडतो तो वरच्या थरावर. रंग लावलेला भाग धातू नाही, तिथे काळा. रंग उडून उघडं पडलेलं लोखंड पांढरं. आणि गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, तोही काळाच, वर रफनेस, म्हणजे खडबडीतपणा, भरपूर. एवढं केलंत की डबा ओळखू येणार नाही.

चित्रकलेचं म्हणाल तर कॉन्सेप्ट आर्टिस्टला, म्हणजे खेळातल्या गोष्टी आधी चित्रात कल्पून काढणाऱ्याला, ती हवीच, त्याची भाकरीच ती. प्रॉप आणि एन्व्हायरन्मेंटवाल्यांचं (परिसर उभारणाऱ्यांचं) काम प्रमाण, आकार आणि निरीक्षणावर भागतं.

वेड की कंटाळा? हे टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, रंगवताना ठरत नाही, ते सगळ्यांनाच आवडतं. मधलं काम करून बघा: हाय पॉलीवरून (बारीक तपशिलाच्या मॉडेलवरून) लो पॉली (कमी बहुकोनांचं हलकं मॉडेल) काढायचं, यूव्ही उलगडायचे (मॉडेलचा पृष्ठभाग सपाट पसरायचा), सीम म्हणजे कापायची शिवण कुठे पाडायची यावर डोकं खाजवायचं, बेक करायचं (बारीक मॉडेलचा तपशील हलक्यावर चित्र म्हणून उतरवायचा), नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, भलत्याच सावल्या उमटल्या की केज (बेकसाठी मॉडेलभोवतीचं आवरण) नीट करून परत बेक. पगार बराचसा या हमालीचाच मिळतो. वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलची रेषांची जाळी, बघता ती तुम्ही अजून केलेली दिसत नाही. नवीन दहा वस्तू सुरू करू नका. हाच डबा शेवटपर्यंत न्या, अनरील या गेम इंजिनमध्ये ठेवा आणि मग सांगा. चिडचिड होणार, ती आम्हालाही होते. दुसऱ्या दिवशी फाइल परत उघडावीशी वाटते का, तेवढं बघायचं.

कुंपणावरून:
रसभंगाबद्दल क्षमस्व. २०२३ आणि २०२४ मध्ये मोठमोठ्या स्टुडिओंनी हजारोंनी माणसं काढली. ज्युनिअरच्या जागेला अनुभवी लोक अर्ज करताहेत. राजीनामा खिशातच राहू द्या. बाकी डबा झकास.

मेमरीचा_मुनीम:
कुंपणावरून यांच्याशी सहमत. मी टेक आर्टिस्ट, म्हणजे कलाकारांचं काम खेळाला जड होऊ नये ते बघणारा, त्यामुळे माझं रडगाणं ठरलेलं: एका डब्याला ४०९६ पिक्सेल रुंदीचं टेक्स्चर?

कॉम्प्रेस न करता, आठ बिटांचे चार चॅनेल धरले तर ४०९६ × ४०९६ चा एक मॅप ६४ एमबी खातो. २०४८ चा १६, १०२४ चा फक्त ४. वर असे मॅप तीन-चार. इंजिन कॉम्प्रेस करतं हे खरं, पण प्रमाण तेच राहतं. खेळाडूच्या पायाशी पडलेल्या डब्याला १०२४ पुष्कळ झालं. शिवाय अँबियंट ऑक्लुजन (खाचाखोचांतली सावली), रफनेस आणि मेटॅलिक हे तिन्ही एकरंगी, ते एकाच चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमध्ये बसतात. पोर्टफोलिओत असं पॅकिंग दिसलं की आमच्यासारख्यांना बरं वाटतं.

१९८१ च्या डाँकी काँगमध्ये मारिओला मिशा आल्या त्या याच काटकसरीतून. एवढ्याशा पिक्सेलांत तोंड दिसेना, मग नाकाखाली मिशा. केस जमेनात, मग टोपी.

गंजका_पत्रा:
राजीनामा वगैरे देत नाहीये, काळजी नसावी.

बहुकोनी, तुमचं मेटॅलिक वाचून खुर्चीतच हसले. आमच्याकडे क्लेमचा निकाल यावरच लागतो हो! ओरखड्यात लख्ख पत्रा दिसला की घाव ताजा, तांबूस दिसला की जुना. मॅप बदलला, डबा एकदम जड वाटायला लागला.

यूव्ही करतेय, शिव्या देत करतेय. पहिल्या बेकला बिजागरीची सावली झाकणावर छापली गेली. रात्री बंद केलं आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आधी परत उघडून बसले होते. बिजागरी वेगळी बेक करायची का?

बहुकोनी:
वेगळ्या फाइलची गरज नाही. बिजागरी आणि झाकण स्वतंत्र मेश (मॉडेलचे तुकडे) ठेवा, नावांच्या शेवटी लो आणि हाय जोडा, आणि पेंटरच्या बेकिंगमध्ये मेशच्या नावाने जुळवायचा पर्याय निवडा. मग एकाची सावली दुसऱ्यावर पडत नाही. ऑक्लुजनसाठी मात्र हाच पर्याय वेगळा असतो, तो 'नेहमी'वर ठेवा, नाहीतर बिजागरी हवेत तरंगल्यासारखी दिसेल.

झालं की वायरफ्रेमसकट टाका इथे.