मदत हवी आहे : इंग्रजी तुलनेतील चूक झटकन कशी ओळखावी?

नमस्कार. मी स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेची तयारी करत असून, चूक शोधण्याच्या प्रश्नांत तुलना आली की माझे गुण हमखास जातात. कालच्या सराव संचात ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई’ हे वाक्य मी बरोबर ठरवले, कारण मराठीत ‘पुण्याचे हवामान मुंबईपेक्षा चांगले’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो आणि ते कोणालाही खटकत नाही. इंग्रजीत मात्र ती हवामानाची थेट शहराशी तुलना ठरते, म्हणून ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’ हवे, आणि अनेकवचन असल्यास ‘दोज ऑफ’, हे उत्तरे पाहिल्यावर कळले. ‘सीनियर’पुढे ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येते, हे पाठांतराने भागते.

खरा घोळ ‘अदर’चा आहे. ‘आयर्न इज मोर यूसफुल दॅन एनी मेटल’ यात लोखंड स्वतःच धातू असल्याने ‘एनी अदर मेटल’ लागते. पण ‘रशिया इज लार्जर दॅन एनी कंट्री इन आफ्रिका’ यात उलट ‘अदर’ घालणेच चूक ठरते, कारण रशिया आफ्रिकेत नाही. घरी बसून हे पटते, परीक्षेत घड्याळ पाहताना सुचत नाही. वाक्य वाचताना आधी ‘दॅन’च्या पुढचे पाहावे की मागचे? ज्यांनी हा भाग पक्का केला आहे, त्यांनी आपली पद्धत कृपया एखाद्या उदाहरणासह सांगावी.